प्रश्नमंजूषेचे प्रश्न खेळाडूंनीच लिहावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्रश्नमंजूषा स्पर्धांवर अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, त्यांचे सूत्रसंचालक आणि बक्षिसांच्या रकमा यांचा त्यात चांगला आढावा घेतला आहे. परंतु तो वाचून असा समज होतो की, शाळा-महाविद्यालयांतील प्रश्नमंजूषा दूरचित्रवाणीनेच जन्माला घातली आणि दूरचित्रवाणीच्याच आधाराने ती तगली. अमेरिकेत ‘क्विझ बाउल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांघिक स्पर्धेचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. पडद्यावरून उतरल्यानंतर ती स्पर्धा खऱ्या अर्थाने वाढली, आणि याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रश्न लिहिण्याचे काम खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. शालेय स्पर्धांसाठी प्रश्न काढण्याचे, ते वाचण्याचे आणि गुण मांडण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. आपल्याकडच्या स्पर्धांच्या मूळ दुखण्यावरचा उपाय मला या इतिहासात दिसतो, म्हणून तो वाचकांपुढे थोडा सविस्तर ठेवण्याची परवानगी असावी.

या स्पर्धेचे मूळ सैनिकांच्या करमणुकीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम करणाऱ्या ‘यूएसओ’ या संस्थेच्या कामात असताना डॉन रीड यांनी दोन संघांमध्ये खेळायचा प्रश्नांचा एक खेळ बसवला. युद्धानंतर तोच खेळ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कॉलेज क्विझ बाउल’ या नावाने एनबीसी रेडिओवर आला. १० ऑक्टोबर १९५३ रोजी झालेल्या पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने कोलंबिया विद्यापीठाचा १३५ विरुद्ध ६० असा पराभव केला. सूत्रसंचालक होते ॲलन लडन. दोन्ही संघ आपापल्या विद्यापीठातच बसत, प्रश्न विचारणारा स्टुडिओत असे आणि तिघांना रेडिओच्या तारांनी जोडलेले असे. आज दूरस्थ पद्धतीने घेतल्या जाणाऱ्या स्पर्धांचे आपल्याला अप्रूप वाटते, पण या खेळाचा जाहीर जन्मच मुळी तसा झाला.

खेळाचा सांगाडा तेव्हा जो ठरला, तो आजही फारसा बदललेला नाही. प्रत्येक संघात चार जण असतात. आधी ‘टॉसअप’ विचारला जातो. हा प्रश्न दोन्ही संघांतील आठही जणांसाठी खुला असतो, जो आधी बझर दाबेल त्याने एकट्याने उत्तर द्यायचे असते आणि साथीदारांशी बोलण्याची मुभा नसते. बरोबर उत्तराला दहा गुण मिळतात आणि त्या संघाला ‘बोनस’ प्रश्नाचा हक्क मिळतो. बोनसमध्ये मात्र चौघांनी आपसांत विचारविनिमय करून उत्तर द्यायचे असते. एकट्याची तयारी आणि चौघांची एकजूट या दोन्हींचा कस एकाच सामन्यात लागेल अशी ही रचना आहे. कोणत्याही क्षणी सामन्याचे पारडे फिरू शकते, आणि प्रेक्षकांना ती आवडली याचे हेही एक कारण असावे.

दूरचित्रवाणीवर ही स्पर्धा आली ती ४ जानेवारी १९५९ रोजी, ‘कॉलेज बाउल’ या नावाने, सीबीएस वाहिनीवर, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली. या तारखेकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. मोठमोठ्या रकमांच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरे आधीच पढवली जातात, हे त्याच सुमारास उघडकीस येत होते. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे चार्ल्स व्हॅन डोरेन हे अशाच एका कार्यक्रमाचे देशभर गाजलेले विजेते होते. त्यांनी २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याला उत्तरे पुरवली जात असल्याची कबुली दिली. प्रश्नोत्तरांच्या एकूण प्रकारावरचाच लोकांचा विश्वास त्या काळात उडाला आणि अनेक कार्यक्रम बंद पडले. महाविद्यालयीन संघांची स्पर्धा मात्र त्या वादळातून सुखरूप बाहेर पडली आणि पुढे तब्बल अकरा वर्षे चालली. तिच्यातील बक्षीस शिष्यवृत्तीच्या रूपाने महाविद्यालयाला मिळत असे, आणि सलग पाच सामने जिंकणाऱ्या संघाला अपराजित म्हणून सन्मानाने निवृत्त केले जाई, म्हणजे एखाद्या विजेत्याला महिनोन्महिने पडद्यावर टिकवून ठेवण्याचा मोहच निर्मात्यांना नव्हता. पैशाची ओढ कमी असली की लबाडीचीही ओढ कमी होते, असा निष्कर्ष मी यावरून काढतो. आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धांची बक्षिसे वाढवण्याची जी चढाओढ लागली आहे, तिच्याकडे त्यामुळेच मी काळजीने पाहतो.

त्या अकरा वर्षांतील एक सामना अमेरिकेत आजही आवर्जून सांगितला जातो. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातील ॲग्नेस स्कॉट हे मुलींचे छोटे महाविद्यालय प्रिन्स्टन विद्यापीठापुढे उभे राहिले. प्रिन्स्टनमध्ये पदवीच्या वर्गांना तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणजे समोरचा संघ पूर्णपणे मुलांचा होता. वेळ संपता संपता प्रिन्स्टन आघाडीवर होते. अगदी शेवटच्या क्षणी ॲग्नेस स्कॉटच्या संघातील एका अंध विद्यार्थिनीने बझर दाबून बरोबर उत्तर दिले आणि तिच्या संघाने २२० विरुद्ध २१५ असा सामना जिंकला. मुख्यतः कानावर पडणाऱ्या शब्दांवर चालणारा हा खेळ असल्यामुळे दृष्टी असलेल्या सात जणांच्या बरोबरीने तिला तेथे बसता आले. स्लाइडवरील चित्र ओळखा, चित्रफीत पाहून सांगा, अशा फेऱ्यांची सध्या आपल्याकडे रेलचेल झाली आहे. अशा फेऱ्या ठरवताना आयोजकांनी या सामन्याची आठवण ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

दूरचित्रवाणीवरील ही स्पर्धा जून १९७० मध्ये बंद झाली. लेखाच्या दृष्टीने इतिहास येथेच संपायला हवा होता. प्रत्यक्षात १९७७ मध्ये महाविद्यालयांतील विद्यार्थी भवनांच्या महासंघाने ती पुन्हा सुरू केली, आणि या वेळी कॅमेऱ्याशिवाय. ‘कॉलेज बाउल’च्या कंपनीने प्रश्न पुरवायचे, महाविद्यालयांनी शुल्क भरायचे, आधी महाविद्यालयात, मग विभागात आणि शेवटी देशपातळीवर सामने खेळायचे, अशी ती व्यवस्था होती. मध्यंतरी काही वर्षे रेडिओवर आणि क्वचित दूरचित्रवाणीवरही अंतिम सामने झाले, परंतु हजारो विद्यार्थ्यांचा खरा अनुभव वर्गांत आणि विद्यार्थी भवनाच्या खोल्यांत घडत होता. तेथेच असंतोषही साचत गेला. विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की, प्रश्न फार आखूड आहेत, तेच तेच प्रश्न पुन्हा फिरून येतात, अभ्यासाच्या विषयांपेक्षा किरकोळ माहितीवर भर आहे आणि या सगळ्यासाठी घेतले जाणारे शुल्क मात्र जबर आहे. आखूड प्रश्नात दोघांनाही उत्तर माहीत असते, तेव्हा जिंकतो तो ज्याचे बोट आधी हलते तो. ज्ञानाची कसोटी तेथे लागत नाही, हे कोणत्याही खेळाडूला पहिल्या दोन-चार सामन्यांतच कळते.

यानंतर जे घडले, ते मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटते. विद्यार्थ्यांनी तक्रार अर्ज पाठवण्यावर समाधान मानले नाही. ऐंशीच्या दशकात निरनिराळ्या विद्यापीठांतील संघांनी स्वतःच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली, आणि त्यांतील प्रवेशाची अट अशी की, येणाऱ्या प्रत्येक संघाने स्वतः लिहिलेला एक प्रश्नसंच सोबत आणायचा. त्याला ते ‘पॅकेट’ म्हणतात. आयोजक संघातील संपादक सगळी पॅकेटे एकत्र करून तपासत, दुबार प्रश्न काढून टाकत, चुका दुरुस्त करत. ज्या फेरीत एखाद्या संघाचे पॅकेट वाचले जाई, त्या फेरीत तो संघ खेळत नसे. १९९१ च्या सुमारास याच चळवळीतून एसीएफ म्हणजे ‘ॲकॅडेमिक कॉम्पिटिशन फेडरेशन’ ही संस्था उभी राहिली. तिचे काम खेळाडू आणि माजी खेळाडूच पाहतात. साहित्य, इतिहास, विज्ञान, कला, तत्त्वज्ञान, धर्म, पुराणकथा आणि समाजशास्त्रे यांचे प्रत्येक संचातील प्रमाण ठरवून देणे, म्हणजे एकाच विषयात पारंगत असलेल्याने सामना एकहाती घेऊन जाऊ नये, ही शिस्तही याच मंडळींनी घालून दिली.

आणि प्रश्नाची घडणच त्यांनी बदलली. त्यांचा टॉसअप पाच-सहा ओळींचा असतो. त्यात सर्वांत अवघड, फार थोड्यांना माहीत असलेला धागा आधी येतो, त्यानंतर क्रमाक्रमाने सोपे धागे येत जातात आणि बहुतेकांना ओळखता येईल असा धागा शेवटी येतो. वाचन चालू असताना कोणत्याही शब्दावर बझर दाबता येतो. चुकीच्या घाईला आळा बसावा म्हणून, प्रश्न पूर्ण होण्याआधी चुकीचे उत्तर देणाऱ्याचे पाच गुण कापले जातात आणि उरलेला प्रश्न एकट्या दुसऱ्या संघाला ऐकवला जातो. नुसते वर्णन करून याची कल्पना येणार नाही, म्हणून या पद्धतीने मी लिहिलेला एक प्रश्न येथे देतो :

‘पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या स्वागत समारंभाला ही व्यक्ती शेतकऱ्याच्या वेशात गेली होती. १८५५ मध्ये लिहिलेले आपले नाटक या व्यक्तीने दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते, पण कमिटीने ते स्वीकारले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी तिने केली. आपले एक पुस्तक तिने गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. दहा गुणांसाठी सांगा, सत्यशोधक समाजाची स्थापना करणारे आणि पुण्यातील भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणारे हे समाजसुधारक कोण?’

आपल्याकडच्या स्पर्धेत याच उत्तरासाठी ‘सत्यशोधक समाजाची स्थापना कोणी केली?’ एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि चौथीच्या पुस्तकाच्या जोरावर चार संघ एकाच क्षणी बझरवर तुटून पडतात. वर दिलेल्या प्रश्नात मात्र ज्या मुलाने फुल्यांचे समग्र वाङ्मय ग्रंथालयातून आणून चाळले आहे, तो दुसऱ्या वाक्यालाच बझर दाबेल. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात हंटर आयोग समजावून सांगितला असेल, त्या वर्गातील मुलगी तिसऱ्या वाक्याला दाबेल. फक्त पाठ्यपुस्तक वाचलेल्या मुलालाही शेवटच्या ओळीत संधी उरतेच. एकाच प्रश्नातून कोणाचे वाचन किती खोलवर गेले आहे हे कळते, उत्तर न आलेल्यांच्या कानांवरही चार नव्या गोष्टी पडतात, आणि त्यांतील एखादी पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात शोधली जाते. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. (धागे कठिणाकडून सोप्याकडे लावलेले असल्यामुळे किती लवकर ओळख पटली हे मोजता येते, आणि म्हणूनच मेरीलँड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञांनी प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या यंत्रणा घडवण्यासाठी क्विझ बाउलच्या हजारो प्रश्नांचा वापर केला आहे.)

उत्तराच्या बाबतीतली त्यांची काळजीही पाहण्यासारखी आहे. छापील संचात प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराची ओळ असते. तिच्यात मुख्य उत्तर, ग्राह्य धरायची इतर उत्तरे, आणि कोणत्या अर्धवट उत्तरावर वाचकाने ‘आणखी नेमके सांगा’ असे म्हणायचे, हे सगळे आधीच लिहून ठेवलेले असते. तरीही संघाला निर्णय पटला नाही, तर तो रीतसर हरकत नोंदवू शकतो, आणि त्या हरकतीचा सामन्याच्या निकालावर परिणाम होणार असेल तर संपादक संदर्भ तपासून निर्णय देतात. आपल्याकडे ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ या एका वाक्यात सगळे उरकले जाते. काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय स्पर्धेत ‘कृष्णा नदीचा उगम कोठे होतो?’ असा प्रश्न आला. वाई तालुक्याच्या पश्चिम भागातून आलेल्या एका मुलीने ‘जोर गावाच्या वरच्या डोंगरात’ असे उत्तर दिले. वाचणाऱ्याच्या हातातील कागदावर ‘महाबळेश्वर’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे तिचे उत्तर चुकीचे ठरले. महाबळेश्वरच्या पठाराची पूर्वेकडची कड जोरच्याच बाजूला उतरते आणि जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरनेही उगमाची जागा जोर गावाच्या संदर्भानेच सांगितली आहे. म्हणजे ती मुलगी कागदापेक्षा अधिक नेमके बोलत होती. तिचे शिक्षक उठून सांगू लागले, तर त्यांना वेळेअभावी खाली बसवण्यात आले. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला अजूनही अस्वस्थ करतो, कारण स्वतःच्या गावाबद्दल तिला जे ठाऊक होते, ते चूक असल्याचे तिला व्यासपीठावरून सांगितले गेले. उत्तराच्या ओळीत आणखी चार शब्द असते, तर हे टळले असते.

शालेय पातळीवर अमेरिकेत वेगळीच परंपरा होती. वॉशिंग्टन परिसरातील माध्यमिक शाळांसाठी सोफी आल्टमन यांनी १९६१ मध्ये ‘इट्स ॲकॅडेमिक’ हा कार्यक्रम सुरू केला. मॅक मॅगॅरी यांनी सुरुवातीपासून २०११ पर्यंत त्याचे सूत्रसंचालन केले, आणि जगात सर्वाधिक काळ चाललेला दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा कार्यक्रम म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याचे मोल मी कमी लेखत नाही, कारण बँड आणि चिअरलीडर्स घेऊन शाळेने आपल्या अभ्यासू मुलांना प्रोत्साहन द्यायला यावे, ही त्यातली कल्पना मला मनापासून आवडते. तरी पडद्यावर येणाऱ्या शाळा मोजक्याच असतात. सर्व शाळांना मैदान मिळाले ते नव्वदच्या दशकात, जेव्हा महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या खेळाडूंनी शाळांसाठी प्रश्न लिहायला घेतले. १९९६ मध्ये ‘नॅशनल ॲकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स’ ही संस्था स्थापन झाली, ‘पेस’ नावाची दुसरी संस्थाही त्याच वर्षीची, आणि पहिल्या संस्थेची माध्यमिक शाळांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा १९९९ पासून भरते. प्रश्नातील ठरावीक खुणेच्या आधी बरोबर उत्तर देणाऱ्याला दहाऐवजी पंधरा गुण देण्याची पद्धत या संस्थेने रूढ केली. खेळाडू त्याला ‘पॉवर’ म्हणतात, आणि घाईने गमावलेल्या पाच गुणांना ‘नेग’. ‘जेपर्डी’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात २००४ मध्ये सलग ७४ सामने जिंकणारे केन जेनिंग्ज हे याच वर्तुळातले. ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि पुढे या संस्थेसाठी प्रश्न लिहीत, संपादित करत राहिले. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या असलेल्या महाविद्यालयांसाठी होंडा कंपनीच्या साहाय्याने १९८९ मध्ये सुरू झालेली स्वतंत्र स्पर्धाही आजपर्यंत चालू आहे.

शालेय राष्ट्रीय स्पर्धेची एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. तेथे देशभरातून तीनशेच्या आसपास संघ येतात आणि पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघाला दहा फेऱ्या खेळायला मिळतात. जिंकणारे जिंकणाऱ्यांशी आणि हरणारे हरणाऱ्यांशी भिडत जातात, त्यामुळे दुबळ्या संघालाही दिवसभरात आपल्या तोलामोलाचे प्रतिस्पर्धी भेटतात. याउलट आपल्याकडे काय होते, ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. सकाळी शंभर-दीडशे संघ येतात, सभागृहात बसून पंचवीस प्रश्नांची लेखी चाळणी देतात, त्यांतून सहा संघ व्यासपीठावर जातात आणि बाकीची मुले दुपारचे जेवण आटोपून इतरांचा खेळ पाहत बसतात किंवा एसटीच्या वेळेसाठी निघून जातात. दूरच्या गावातून पहाटे निघालेल्या मुलाने बझरला हातही न लावता परत जावे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. या खेळाला महागडी साधने लागत नाहीत. दोन वर्गखोल्या जोडल्या की एक सामना होतो. लागतात ते भरपूर चांगले प्रश्न आणि ते वाचणारी माणसे, आणि हे दोन्ही मुलांमधूनच उभे राहते, हा तिकडचा अनुभव आहे.

खेळाडूंच्या हाती प्रश्न गेले की गैरप्रकार होतील, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो निराधार नाही. २०१३ मध्ये नॅशनल ॲकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्सने हार्वर्ड विद्यापीठाची चार राष्ट्रीय विजेतेपदे काढून घेतली. संस्थेसाठी प्रश्न लिहिणाऱ्या एका खेळाडूने, आपल्या खात्यातून दिसणारी, आगामी स्पर्धेतील प्रश्नांविषयीची माहिती असलेली पाने उघडली होती, असे सर्व्हरच्या नोंदींवरून आढळून आले. या माहितीचा खेळात प्रत्यक्ष उपयोग केला गेल्याचा पुरावा संस्थेकडे नव्हता. तरीही ती पाहण्याची संधी घेतली गेली एवढ्यावरून विजेतेपदे रद्द झाली आणि निर्णय जाहीरपणे सांगितला गेला. देशातील सर्वांत नामांकित विद्यापीठाच्या बाबतीतही हात आखडता घेतला गेला नाही, याला मी महत्त्व देतो. १९५९ मध्ये उघड झालेली लबाडी वाहिनीच्या मालकांच्या सोयीची होती आणि ती बाहेर काढायला काँग्रेसची समिती बसवावी लागली. २०१३ मधील चूक मात्र खेळाडूंनीच चालवलेल्या संस्थेने आपल्याच नोंदी तपासून शोधली. प्रश्न बंद पाकिटात आणणाऱ्या, त्यांचा उगम कोणालाही न सांगणाऱ्या आपल्याकडच्या व्यवस्थेत अशी तपासणी करायची म्हटली तरी कोठून सुरुवात करणार?

इंग्लंडमध्ये हाच खेळ ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या नावाने सप्टेंबर १९६२ पासून, १९८७ ते १९९४ हा खंड सोडला तर, दूरचित्रवाणीवर आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र संघ उतरवण्याची मुभा आणि इतर विद्यापीठांना मात्र एकच संघ, या भेदाच्या निषेधार्थ १९७५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने प्रश्न कोणताही असो, मुद्दाम ‘ट्रॉट्स्की’, ‘लेनिन’, ‘चे गव्हेरा’ अशी क्रांतिकारकांची नावेच उत्तरे म्हणून दिली, एवढा एक प्रसंग सोडला, तर तेथे सगळी सूत्रे वाहिनीकडेच राहिली. भारतात ही परंपरा इंग्लंडच्या वाटेनेच आली. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात भरवलेली खुली प्रश्नमंजूषा, १९७२ मध्ये हमीद सयानी यांच्या आवाजात रेडिओवर सुरू झालेली आणि पुढे अमीन सयानी यांनी चालवलेली बोर्नव्हिटा क्विझ, आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांनी आणलेला महाविद्यालयीन संघांचा ‘क्विझ टाइम’, हे तिचे मुख्य टप्पे आहेत. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची भारतीय आवृत्तीही २००३ मध्ये बसू यांच्याच सूत्रसंचालनाखाली सुरू झाली आणि तिचे पहिले विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संघाने पटकावले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आताच्या सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतील) बोट क्लब क्विझ क्लबसारख्या मंडळांत विद्यार्थी स्वतः प्रश्न काढतात आणि त्यांचा दर्जा उत्तम असतो. परंतु हे सारे इंग्रजीत आणि शहरांत चालते. मराठी माध्यमाच्या शाळेतील मुलांच्या वाट्याला अजूनही बाजारातील सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेतून उतरवलेले प्रश्नच येतात, आणि त्या पुस्तिकांतील चुकाही जशाच्या तशा उतरतात.

म्हणून माझी शाळा, महाविद्यालये आणि आयोजक संस्था यांना नेमकी सूचना अशी आहे की, येत्या स्नेहसंमेलनांच्या हंगामात निदान एका तालुक्यात तरी ही पद्धत करून पाहावी. प्रवेश शुल्काऐवजी प्रत्येक संघाकडून मराठीत लिहिलेले दहा प्रश्न मागवावेत, प्रत्येक प्रश्नासोबत तो कोणत्या पुस्तकावरून काढला आहे हे लिहायला सांगावे आणि ग्राह्य उत्तरांची ओळ भरून घ्यावी. दोन शिक्षक आणि स्पर्धेत न उतरणारे दोन माजी विद्यार्थी यांनी त्यांचे संपादन करावे. लेखी चाळणी रद्द करून साखळी सामने खेळवावेत, आणि ज्या संघाचे प्रश्न वाचले जातील त्या संघाने त्या फेरीत गुण लिहिण्याचे काम करावे. पहिल्या वर्षी प्रश्न कच्चे निघतील. काहींमध्ये उत्तर पहिल्याच ओळीत फुटेल, तर काहींचे धागे दोन उत्तरांना लागू पडतील. अमेरिकेतील पहिली पॅकेटेही काही निर्दोष नव्हती. मुले जसजशी एकमेकांचे प्रश्न खेळतात, तसतसे चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यांतला फरक त्यांना आपोआप कळू लागतो. प्रश्न लिहायला बसलेला मुलगा चार पुस्तके उघडतो, तारखा ताडून पाहतो, आणि जे त्याने स्वतः शोधले ते तो सहसा विसरत नाही.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. शब्दकोड्याला आपण दररोज जागा देता. आठवड्यातून एकदा, तेवढ्याच जागेत, विद्यार्थ्याने लिहिलेला एक दीर्घ प्रश्न, त्याच्या शाळेचे नाव आणि दुसऱ्या दिवशी उत्तराची पूर्ण ओळ प्रसिद्ध करता येईल. सुरुवातीला पुरतील इतके प्रश्न आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी लिहून ठेवले आहेत. त्यांचे संदर्भ मी स्वतः तपासत आहे, आणि आपली संमती कळताच ते आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवीन.

आपला नम्र,
एक माध्यमिक शिक्षक,
जि. सातारा